सीटवरचं प्लास्टिक

माझ्या मावशीच्या घरी एक गाडी होती. तेलंगणात, तलमडुगूच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या गावात, सिमेंटच्या स्लॅबखाली, बुटकी, लाल, दोन दारांची, दोनच सीटची आणि समोरचे दिवे पापण्यांसारखे उघडणारी जपानी गाडी. लोक लांबून ती बघायला यायचे आणि मावसांचं, म्हणजे यशवंतरावांचं, तोंडभरून कौतुक करत परत जायचे. मला त्या कौतुकाची पहिल्यापासून शिसारी आहे, हे आधीच सांगून टाकते.

मावसा तिशीत असतानाची गोष्ट. आदिलाबादला एका कारखान्यात परदेशात राहून आलेला इंजिनीअर होता. त्याची बदली झाली आणि गाडी त्याला जड झाली. मावसांनी ती बाजारात उभी असलेली पाहिली होती. नाल्याकाठचं पाच एकर काळं रान विकून ते ती घरी घेऊन आले. मावशीला, जयवंताबाईला, हे कळलं ते गाडी अंगणात येऊन थांबल्यावर. शेतात दुपारची भाकरी पोचवून ती तेव्हा नुकतीच परतली होती.

त्याच दिवशी वेशीजवळच्या एका दगडाला गाडीचं पोट घासलं होतं. मावसा खाली उतरले, नवे कपडे घालून धुळीत आडवे झाले, गाडीच्या पोटाखाली पाहिलं आणि उठले तेव्हा डोळे पुसत होते. सख्खा बाप गेला तेव्हा हा माणूस रडला नव्हता, असं मावशी सांगते. तेव्हापासून गाडी वर्षातून एकदाच बाहेर निघू लागली. दसऱ्याला, सीमोल्लंघनाला, गावाच्या शिवेपर्यंत. आदल्या दिवशी गडी लावून रस्त्यावरचे खडे वेचून काढायचे. शेजारच्या सीटवर कधी सरपंच, कधी पटवारी, कधी ठाण्यातले साहेब. मावशी आरतीचं ताट घेऊन मागून चालायची. एवढ्या वर्षांत तिला कुणी एकदाही बस म्हटलं नाही, आणि तिनेही कधी बसू का विचारलं नाही.

गाडी ज्या खोलीत राहायची ती खोली खरं तर कापसासाठी बांधली होती. घरातली तेवढी एकच खोली गळत नाही. घरातला पहिला पंखा तिथे लागला, माणसांना नंतर. उंदीर येऊ नयेत म्हणून डांबराच्या गोळ्या, वर खास शिवून आणलेली खोळ. पुसायला नवं कापड चालत नसे, रंगावर चरे पडतात म्हणे. म्हणून मावशीचं लुगडं धुऊन धुऊन मऊ झालं की ते गाडीचं व्हायचं. मावशीला जुनं नेसायची चैनसुद्धा नव्हती.

मग कापूस कुठे? निजायच्या खोलीत. आमच्याकडे भाव चढेपर्यंत कापूस घरातच ठेवतात. खोलीत आढ्यापर्यंत ढीग, आणि त्याच्या पायथ्याशी अंथरुणं. ज्यांनी हे भोगलं नाही त्यांना कापूस म्हटलं की गादी आठवते. आम्हाला खाज आठवते. त्यातले बारीक किडे दिसत नाहीत, पण चावतात, आणि अंगावर लाल फोड उठतात. त्या घरात दिवाळीपासून होळीपर्यंत सगळे खाजवत असायचे. पलीकडच्या खोलीत गाडी मात्र कोरी, गुळगुळीत.

आणि ही गाडी दर हिवाळ्यात विकायला निघायची! मुलगा लखन याच्या मोबाइलवर मावसा स्वतः मजकूर सांगायचे. अगदी कमी चाललेली, कायम सावलीत ठेवलेली, सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच. नागपूरहून, हैदराबादहून शौकीन लोक यायचे. मावसा त्यांना खोलीबाहेर चपला काढायला लावायचे, खोळ हळूहळू ओढायचे, मावशी चहा करायची. मग शेवटी काहीतरी खोट निघायची. एकाच्या बोटात अंगठी होती, ती रंगाला लागली असती. एकाच्या तोंडात तंबाखूचा खर्रा होता. एकाने काळा रंग देईन म्हटलं. तिसऱ्या वर्षी माझ्या डोक्यात उजेड पडला. या माणसाला गाडी विकायचीच नव्हती. कुणीतरी दारात हात जोडून उभं राहिलं की त्यांचं पोट भरायचं. मी आदिलाबादला शिक्षिका आहे, लहान मुलांचे असले खेळ रोज बघते. साठी उलटलेला हा माणूस तेच खेळत होता.

यंदा घरात लखनची पोर होती. सुनयना, नुकती पाऊल टाकायला लागलेली. कापूस घरात आला आणि तिच्या मानेवर, मांड्यांवर, पोटावर फोड उठले. खाजवून खाजवून रक्त काढायची. सून अश्विनी तिच्या हातांना फडकी बांधून मांडीवर घेऊन बसायची, दोघींना झोप नाही. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, कापूस निजायच्या खोलीतून हलवा, नाहीतर मलमाचा काही उपयोग नाही. लखन म्हणाला, कापूस विकून टाकू. मावसा म्हणाले, पडत्या भावात विकला तर लोक हसतील.

मावशीने आयुष्यात पहिल्यांदा ती खोली मागितली. मी समोरच जेवायला बसले होते.

"गाडी पडवीत घ्या, कापूस तिथं टाकू."

"पडवी गळते. अन् कापसाची धूळ बसंन गाडीवर."

"मंग पोरीवर बसू द्याची?"

"पोरीले मलम हाय," मावसा म्हणाले.

मी ताट बाजूला सारलं.

आता एकच आशा होती. त्या रविवारी हैदराबादहून एक गिऱ्हाईक येणार होतं. गाडी गेली तर खोली मोकळी होणार होती. मावशीने सकाळीच मला बजावलं, "प्रतिभा, तू बी बोलजो मावसाजीले. यंदा तरी हो म्हना म्हनाव."

गृहस्थ वयस्क होते, सोबत टॉर्च घेऊन आले होते. चपला त्यांनी आपणहून काढल्या. गुडघ्यावर बसून गाडीखाली पाहिलं, दार उघडून आत नाक घातलं आणि लांब श्वास घेतला. "माशाल्ला, प्लास्टिक भी वैसाच है!" असं म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. मावसांनी सांगितलेली किंमत त्यांनी एका शब्दात कबूल केली. मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. आत सुनयना रडत होती. मीही म्हटलं, "मावसाजी, हो म्हणा."

मावसांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग खोळ हातात घेतली.

"इस साल रहने दो."

"कायको साहब?"

"मन नाही हो रहा." आणि मग आमच्याकडे वळून, अगदी गंभीरपणे, "यानं समोरचे दिवे उघडून दाखवा म्हनलंच नाई. कदर नाई त्याले."

मावशीने ट्रे खाली ठेवला. ती आत गेली आणि अश्विनीच्या मांडीवरून पोर उचलून घेऊन आली. एका हाताने तिने गाडीचं दार उघडलं. त्या दाराला तिचा हात त्या दिवशी पहिल्यांदा लागला. सीटवरचं प्लास्टिक तिने मुठीत धरलं आणि ओढलं. टरर्र करून ते मधोमध फाटलं. पुसायचं लुगडं कोपऱ्यात होतं, ते अंथरलं, पोरीच्या हातांची फडकी सोडली, तिला वर निजवलं आणि पंखा लावला.

पोर थोडी कुरकुरली, दोनदा पोट खाजवलं, मग तिची मूठ सैल पडली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा अशी सरळ झोपली. अश्विनी दाराला टेकून उभी राहिली आणि तिला रडू फुटलं.

मावसा पुढे झाले. मला वाटलं, नातीला बघायला.

"उचल तिले. मुतंन ते."

ते बोलेपर्यंत झालंच होतं. लुगड्याच्या कडेने सीटवर एक काळपट डाग पसरत गेला. हैदराबादचे गृहस्थ हळहळले, "अरे अरे, पूरा ओरिजिनल था!" मावसांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मावसांकडे. मयताला आल्यासारखे ते दोघे माना खाली घालून त्या डागासमोर उभे राहिले. मधे पोर शांत झोपलेली, तिच्या पोटावरचे फोड उघडे. त्यांच्याकडे दोघांपैकी एकाचीही नजर गेली नाही. मला त्या दोघांची इतकी किळस आली की मी बाहेर जाऊन चूळ भरली.

परत आले तोवर सौदा झाला होता, थोड्या कमी किमतीला. जिला आता कुणी कोरी म्हणणार नव्हतं ती गाडी मावसांना दारातसुद्धा नको झाली. "घेऊन जाओ," एवढंच म्हणून ते पडवीत जाऊन बसले. त्याच आठवड्यात गाडी ट्रकवर चढून गेली.

पुढच्या रविवारी मी गेले. ती खोली कापसाने भरली होती. निजायची खोली झाडून, सारवून मोकळी. सुनयनाच्या मानेवर खपल्या धरल्या होत्या, ती अंगणात थपथप चालत होती. मावसा दोरीपाशी उभे होते. फाटलेलं प्लास्टिक त्यांनी साबणाने धुऊन वाळत घातलं होतं. नात त्यांचं धोतर ओढत होती आणि ते मला विचारत होते, "प्रतिभा, हे चिकटवता येते का वं?"

मावशी घरातून आली, दोरीवरून प्लास्टिक काढलं, दुहेरी घडी केली, पाळण्याच्या मापाने विळीवर कापलं आणि सुनयनाच्या गोधडीखाली घातलं.

"अवं, कंपनीचं हाय ते!" मावसा ओरडले.

"म्हनूनच गळत नाई," मावशी म्हणाली, आणि पोरीला उचलून तिने त्यावर निजवलं.