कोयत्याला अडवणारी वीण

माझ्या बायकोचे थोरले मामा माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या बाहीला भेटतात. पणदऱ्यापासून इंदापुरापर्यंत ज्याच्या सदऱ्याचं कापड त्यांनी चिमटीत धरून पाहिलं नाही, असा माणूस शोधून सापडायचा नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बारामतीच्या एमआयडीसीत, सुरक्षेच्या जाकिटांचं कापड विणणाऱ्या एका गिरणीत काढली. कापड ही अंग झाकायची नव्हे, मार खायची वस्तू आहे, ही त्यांची श्रद्धा तिथंच पक्की झाली. इंदापूरच्या एका लग्नात तर अक्षता टाकायच्या आधी त्यांनी नवरदेवाच्या शेरवानीलाच हात घातला. "साटीनची वीण हाय," ते काळजीनं म्हणाले. "दिसाया झ्याक, पण धागे मोकळे. काय लागलं तर सरकून वाट देत्याल." नवरदेवाला कोण काय मारणार, असं मी विचारलं. "आज न्हाय मारणार कुणी," मामा म्हणाले, "पण संसार लांबचा असतो."

निवृत्त झाल्यावर त्यांनी गोठ्यातली म्हैस भावाच्या दावणीला बांधली आणि तिच्या जागी हातमाग मांडला. गिरणीतून मागून आणलेल्या चिवट सुताचं कापड विणायचं, ते चौकटीवर ताणायचं, खाली कलिंगड ठेवायचं आणि गच्चीवरून खलबत्त्यातला बत्ता सोडायचा, हा त्यांचा उद्योग. "आमच्यात कलिंगड कापत न्हाईत, फोडत्यात," असं मामी पाहुण्यांना आधीच सांगून ठेवत. फुटलेल्या फोडी खाता खाता मामा समजावून सांगत, "एक धागा वर, एक खाली, ही साधी वीण. धागा जागचा हलत न्हाय, पण सगळा मार तितंच खातो अन् तुटतो. ट्विलमधी धागा दोन-तीन धाग्यांवरनं उडी मारतो. कापड मऊ पडतं, मार लांबवर पसरतो, पण टोकदार काय आलं की धागे बाजूला होत्यात." मग बिया अंगणात थुंकून पुन्हा गच्चीवर.

या उद्योगाला आम्ही सगळे हसायचो. मग एका हंगामात त्यांच्याच रानात, ऊसतोडीला आलेल्या शेवंताबाईंच्या नडगीवर कोयता बसला. मामांनी त्यांना स्वतः दवाखान्यात नेलं, आणि परत आल्यावर जेवायला न बसता ते मागावर बसले. नडगीला बांधायची पहिली पट्टी त्यांनी घट्ट साध्या विणीची केली. जखम भरून शेवंताबाई पुन्हा फडात आल्या, पट्टी बांधली आणि दुपारच्या आत सोडून हातात दिली. "तात्या, ह्यात पाय वाकंना. ऊस काय उभ्यानं तोडू?" सारं गाव मामांना तात्या म्हणतं. दुसरी पट्टी ट्विलची केली. ती बाईंना आवडली, पण मामांनी ती भोपळ्याला बांधून पाहिली तेव्हा कोयत्याचं टोक तिच्यातून थेट भोपळ्यात घुसलं, म्हणून मामांनीच ती देऊ केली नाही. शेवटी बाहेरून साध्या विणीचा एक थर, आत ट्विलचे दोन, आणि त्यांच्या तिरप्या रेघा एकमेकींच्या उलट दिशेनं, अशी पट्टी जमली. ती स्वतःच्या पायावर अजमावायचा त्यांचा बेत होता. मामींनी घरातले सगळे कोयते शेजारी नेऊन ठेवले.

पुढच्याच हंगामात एका सकाळी फडातून ओरडा आला. कोयता निसटून पुन्हा शेवंताबाईंच्याच पायावर बसला होता. मामा एक चप्पल पायात, एक वाटेत, असे धावले. मीही मागे होतो. बाहेरचा थर तुटला होता, आतले धागे मात्र धरून राहिले होते. नडगी काळीनिळी पडली होती, पण रक्ताचा थेंब नव्हता. आता वीण या विषयावर तासभर ऐकावं लागणार, अशी मी मनाची तयारी केली. मामा मात्र बांधावर टेकले आणि एवढंच म्हणाले, "चालून दाखव." त्या चालल्या. "अजून येकदा." मुकादम वैतागून "तात्या, आता पुरं करा" म्हणेपर्यंत मामा त्यांना या बांधापासून त्या बांधापर्यंत चालवत होते.

औंदा मामांचा ऊस यंत्रानं तोडला. टोळी आलीच नाही. शेवंताबाईंच्या सुनेसाठी पट्ट्यांची नवी जोडी विणून तयार होती, म्हणून मामांनी त्यांना फोन लावला. त्या आता आपल्या गावीच शाळेत खिचडी रांधतात म्हणे.

"यंत्र आलंय बाई हितं," मामा म्हणाले.

"बरं झालं की तात्या. आता कुणाच्या पायाला भ्या न्हाय."

"व्हय," मामा म्हणाले, "ते बी खरं हाय."

तिकडून फोन कधीच ठेवला गेला होता. मामा मात्र कितीतरी वेळ तो कानाला तसाच धरून, तोडलेल्या मोकळ्या रानाकडे बघत बसले.