काशीराम मास्तरची खिडकी

लोक काशीराम मास्तरला अहो-जाहो करतात. मी करणार नाही. आमच्याच वाडीतला तो. मुंबईत कुठल्याशा ऑफिसात नोकरी करून परत आला आणि सावर्ड्याच्या बाजारात माडीवर इंग्रजीचा क्लास काढून बसला.

शिकवायला हुशार आहे मेला, ते नाकारता येत नाही. आपण मराठीत उसनं देतो आणि उसनंच घेतो, म्हणून आपली मुलं 'लेंड' आणि 'बॉरो'मध्ये हमखास गोंधळतात. तो सांगायचा, शेजाऱ्याची कोयती घरी आणली तर बॉरो, आपली त्याला दिली तर लेंड. 'रिमेंबर' म्हणजे स्वतःला आठवणं, 'रिमाइंड' म्हणजे दुसऱ्याला आठवण करून देणं. इतकं सोपं करून सांगणाऱ्याच्या अंगात एवढा दुष्टपणा कसा मावतो, देव जाणे.

कारण जो चुकेल त्याला तो खिडकीत उभा करायचा. चुकलेलं वाक्य खालच्या बाजाराला ओरडून ऐकवायचं, लोक हसेपर्यंत. माझी लेक नम्रता पेन मागताना लेंडच्या जागी बॉरो म्हणाली. तिलाही उभं केलं. खाली मासळीवाल्या, रिक्षावाले, सगळे हसले. त्यांना तरी कुठे इंग्रजी येत होतं?

तेव्हापासून पोरीने चार माणसांत तोंड उघडलं नाही. वेळणेश्वरच्या एका हॉटेलात पाहुण्यांचं स्वागत करायची नोकरी होती. तिला ती फार हवी होती. मुलाखतीत हॉटेलच्या बाईंनी नाव विचारलं तरी ही गप्प. नोकरी हातची गेली. मी मास्तरला जाब विचारला, तर म्हणतो कसा, "वैनी, लाज वाटल्याबिगर इंग्रजी येत नाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शिमग्यात घरोघर फिरणारी देवाची पालखी त्याच्या अंगणात बसली. गुरवाने रिवाजाप्रमाणे घरधन्यासाठी गाऱ्हाणं घातलं, "ह्याच्या क्लासाला यश दे, पोरांचा कल्याण ह्याच्या हातून होऊ दे म्हाराजा!" यावर सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं, मगच गुरव नारळ फोडतो. त्याआधीच माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला.

"नाय म्हाराजा!"

नम्रता होती. माझा तर विश्वासच बसेना. मास्तर डोळे वटारून तिच्याकडे बघत राहिला. गुरवाने गोंधळून गाऱ्हाणं पुन्हा घातलं. तिने पुन्हा तेच म्हटलं, आणि या वेळी क्लासातली बाकीची मुलंही तिच्याबरोबर ओरडली.

गुरवाने हातातला नारळ न फोडताच खाली ठेवला आणि पालखी उचलायला सांगितली.