चिंचेने घासलेलं पितळी बटण

प्रेमाने नुकसान करणाऱ्या माणसावर चिडायचं कसं? मला खरंच माहीत नाही.

आज सकाळी आमचे घरमालक प्रभाकरकाका आणि मी त्यांचा मेटल डिटेक्टर घेऊन इथल्या, कॅनडातल्या रेजिना शहराच्या, पार्कमध्ये गेलो. सिटीची परमिशन मी आधीच काढली होती. एका झाडाखाली मशीन जोरात वाजलं आणि मातीतून काळंहिरवं पितळी बटण निघालं. जुन्या गणवेशाचं असावं, कारण त्यावर पुसट अक्षरं होती. घरी आल्यावर ते वर काकांच्या टेबलावर ठेवलं आणि "हे म्युझियमला द्यायचंय," असं त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना, सांगून मी खाली माझ्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये आंघोळीला गेले.

वर आले तर सुमनकाकू सिंकपाशी! देवाच्या समईबरोबर त्यांनी बटणही चिंच-मीठ लावून तारेच्या घासणीने घासलं होतं. लखलखत होतं. अक्षरं साफ गेली होती.

"अहो काकू, हे काय केलंत!"

"अगं, केवढं कळकट होतं ते! असं कुणाला द्यायचं का?"

"अहो, त्या अक्षरांवरून ते कुणाचं होतं ते कळलं असतं!"

काका हळूच म्हणाले, "जाऊ दे गं. असंच चकचकीत सापडलं म्हणून सांग."

इथे मात्र माझं डोकं फिरलं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, तीही इतिहासाची. ती काय खोटं सांगायला घेतली? तुम्ही काय केलं असतंत?

मी दुपारी बसने म्युझियममध्ये जाऊन बटण दिलं आणि चिंचेसकट सगळं खरं सांगून आले.