३,५९,९९९चे अवयव

सुमित्रा काल गेली. मला तिचा आयुष्यभर हेवा वाटला.
ती गेली म्हणून तो कमी झालेला नाही.

राळेगावच्या शाळेत आम्ही दोघी एकाच दिवशी गणिताला लागलो. मी यवतमाळच्या वकिलाची मुलगी. ती तांड्यावरची, तिथली पहिली बीएस्सी.

कापसाची ती वाईट वर्षं. वेचणी लागली की माझा अर्धा वर्ग शेतात.
तिचा मात्र भरलेला असायचा.

कारण तिचा एक खेळ होता. शेजारच्या जिनिंग कारखान्यातल्या रुईच्या गाठीवरचा नंबर मुलांनी टिपून आणायचा आणि तपासायचा. पूर्ण वर्ग आहे का, कशाकशाने भाग जातो, मूळ की संयुक्त.

मी तोच खेळ माझ्या नववीत सुरू केला. तिला न विचारता.

एका मुलीने ३,५९,९९९ आणला.

अंकांची बेरीज चव्वेचाळीस, म्हणजे तीन बाद. सात नाही, अकरा नाही. दोन दिवस भागाकार करत बसले. पुस्तकामागच्या तक्त्यात मूळ संख्या पाचशेपर्यंतच होत्या. जायला हवं होतं सहाशेपर्यंत, हे मला माहीत होतं.
मी थांबले आणि फळ्यावर लिहिलं, मूळ संख्या.

पोरांनी ते तिच्या वर्गात मिरवलं. मधल्या सुट्टीत ती आली, दार लोटून घेतलं.

"मॅडम, सहाशेचा वर्ग करा न् एक काढा."

५९९ गुणिले ६०१. वर्गांच्या वजाबाकीचं साधं सूत्र. बारा वर्षं मी ते शिकवत होते.

"दोनी मूळ हायेत. जोडमूळ. लेकरायले तुमीच सांगा, मी सांगतलं तं बरं नाही दिसत."

मी सांगितलं. माझा शोध म्हणून.

हेडमास्तरांनी तो तास संस्थेच्या लोकांसमोर पुन्हा घ्यायला लावला. टाळ्या पडल्या. ती मागच्या बाकावर वह्या तपासत होती. मान वर केली नाही.

त्याच उन्हाळ्यात घरंच्या घरं कामाला बाहेर गेली, पट घटला, गणिताची एक जागा गेली. नोकरी दोघींची सारखी. संस्थेने मला ठेवलं, तो तास घेणारी म्हणून. ती अतिरिक्त ठरली. दोन लहान मुलांना सासूकडे ठेवून मुकुटबनला गेली.

निघताना मी विचारलं, तेव्हा बोलली का नाहीस?

"तुमी सांगान असं वाटलं मले."

तिकडे तिला कोण विचारणार, असं मला वाटलं होतं. काल अंत्यविधीला मुकुटबनहून दोन गाड्या भरून तिचे विद्यार्थी आले. त्यातला एक मला म्हणाला, "तुम्ही पण गणिताच्याच का, मॅडम?"

माझ्या माजी विद्यार्थ्यांनो, तो शोध तुम्ही अजून माझ्या नावावर सांगता. तो सुमित्राचा आहे. राळेगावची जागाही तिचीच होती.

खाली कमेंट येतील. सगळ्या तिच्यासाठी असतील, आणि त्या वाचताना मला त्रास होईल.
तरी लिहा.

सुमित्रा, हे तू असताना बोलायला हवं होतं. माझा नमस्कार घे.