आबांची दाद

आबा कधी फोन घ्यायचे नाहीत. लावला तर तो वाजून वाजून बंद व्हायचा आणि दोन मिनिटांनी त्यांचा निरोप यायचा, ‘फोन नको ताई. लिवून बोला. मला निवांत वाचाय बरं पडतं.’ आमच्या सगळ्या ग्रुपला ही त्यांची खोड ठाऊक होती. चोवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, थोडा विक्षिप्त असणारच, असं आम्ही धरून चाललो होतो.

ग्रुपचं नाव होतं ‘रविवारचे कानसेन’. टाळेबंदीत सगळे घरात अडकले होते, तेव्हा कराडच्या एका तबलजीने तो सुरू केला. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतची चाळीसेक माणसं त्यात होती आणि बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलंही नव्हतं. कोणी सकाळी भैरव पाठवायचं, कोणी जुनी भावगीतं, कोणी लावणी. मग त्यावर चर्चा, आणि चर्चेच्या मधेमधे कोणाच्या घरी पाहुणे आलेत, कोणाची विहिरीवरची मोटार जळली, कोणाची मुलगी दहावीला बसली, हेही यायचं. मी सांगलीत एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकांवर शिक्के मारता मारता दिवसभर मी तो ग्रुप वाचत असे, आणि खरं सांगायचं तर त्यातलं आबांचंच आधी वाचत असे.

आबा वडूजच्या पुढे एका वस्तीवर राहत. पाच एकर कोरडवाहू रान, थोडी शेरडं, मुलगा पुण्यात, सून आणि नात घरी. एकदा ऐन एप्रिलात त्यांनी लिहिलं होतं, ‘सारंग दुपारचा राग म्हंत्यात. पर आमच्या हितली दुपार बगितली तर सारंगबी पडवीत यिऊन बसंल.’ जुन्या गायकांबद्दल ते असं बोलत की जणू ते त्यांच्या बटालियनमध्येच होते. ‘त्यो गडी तानंला लागला की फुडं रान मोकळं करायला लागायचं,’ किंवा ‘ह्या बाईंची ठुमरी म्हंजी सासुरवाशीण माहेराला येती आन उंबऱ्यावरच थांबती, तसं हाय.’ आम्ही शिकलेली माणसं चार ओळी लिहून जे सांगू शकत नव्हतो, ते हा सातवी शिकलेला सुभेदार एका ओळीत सांगायचा.

शिरवळच्या कारखान्यात काम करणारा अमित नावाचा एक मुलगा ग्रुपमध्ये होता. त्याने एकदा दणदणाटी डीजेचं गाणं टाकलं. लगेच कुंडलचे दिलीपराव त्याच्यावर तुटून पडले. त्यांची द्राक्षाची बाग होती आणि अभिरुचीही ते बागेसारखीच जपत. हा ग्रुप कशासाठी आहे, हे कळत नसेल तर बाहेर पडा, असं त्यांनी लिहिलं. आबा मधे पडले. ‘ऐकू द्या की त्याला दिलीपराव. पाळी करून आल्यावर माणसाला जरा दणका लागतो. मी तोफंच्या शेजारी झोपलोय, मला म्हाईत हाय.’ अमित राहिला. पुढे तोच एकदा विचारत होता, मारवा म्हणजे नक्की काय.

माझं गाणं लग्नाबरोबर सुटलं होतं. कोणी सोडवलं नाही, आपोआप सुटलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा तंबोऱ्याचं ॲप लावून बसायला लागले. एका रविवारी भीमपलासाची दोन मिनिटं फोनवर रेकॉर्ड केली आणि आबांना, एकट्यांना, पाठवली. सोबत लिहिलं, ‘वीस वर्षांनी गातेय. घाबरत घाबरत पाठवतेय.’ उत्तर आलं, ‘आवाज चांगला हाय. भ्या हाय त्यात. त्येवडं काढा.’

मी ग्रंथालयातल्या कपाटाआड जाऊन रडले. इतकं नेमकं मला कोणी कधीच सांगितलं नव्हतं.

मग तो आमचा रिवाजच झाला. दर रविवारी मी रेकॉर्डिंग पाठवायची आणि खाली लांबलचक लिहायची. आज पंचमावर रेंगाळावंसं वाटलं, आज श्वास पुरला नाही, आज यांच्याशी भांडण झालं होतं म्हणून मन लागलं नाही. आबांचं उत्तर यायचं, ‘पंचमावर थांबला ते झ्याक केलं’ किंवा ‘आज मन ठिकाणावर नव्हतं ताई, गाण्यात कळतंय.’ असं दोन वर्षं चाललं. माझ्या सासूबाईंचं आजारपण, माझी चुकलेली बढती, सगळं मी त्या माणसाला सांगितलं. माझे यजमान एकदा हसून म्हणाले, “कोण हे आबा? तू त्यांचा आवाज तरी ऐकलायस का कधी?” मी म्हणाले, “ते माझा ऐकतात, तेवढं पुरे.”

त्याच सुमाराला मी मिरजेला एका बाईंकडे शिकायला जायला लागले. बाई कडक होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी मला थांबवलं. “तुमचा तार षड्ज उतरतोय,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्हाला ते कळत नाहीये, हे जास्त वाईट. सहा महिने राग बंद. नुसता षड्ज लावायचा.” मी दुखावले. घरी येऊन तेच गाणं रेकॉर्ड केलं आणि आबांना पाठवलं. लिहिलं, ‘बाई म्हणतात माझा सूर उतरतो. मला तर तसं अजिबात वाटत नाही. तुम्ही खरं सांगा.’

त्या दिवशी उत्तर यायला नेहमीपेक्षा वेळ लागला. पण आलं. ‘बाईंचं मनावर घिऊ नका. सूर लागतोय. मला हितं वस्तीवर बसून कळतंय, त्यास्नी समूर बसून कळंना व्हय?’

मी मिरजेला जाणं बंद केलं.

ग्रुपला चार वर्षं झाली तेव्हा साताऱ्यात सगळ्यांनी भेटायचं ठरलं. राजवाड्याजवळच्या एका वाचनालयाचा वरचा हॉल मिळाला. वीसेक माणसं आली. मी गाणार होते, म्हणून आबा मुद्दाम येणार होते. सून रेखा त्यांना एसटीने घेऊन आली. पांढरं धोतर, टोपी, मिशा कातरलेल्या, पाठ ताठ. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, बोलले काही नाहीत, नुसते हसले. गर्दीत सगळे एकदम बोलत होते, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुपार कलली होती. मी भीमपलास घेतला. कराडचे तबलजी साथीला होते. आबा पहिल्या रांगेत, डोळे मिटून, हाताने मांडीवर ताल धरून बसलेले. स्थायी बरी गेली. अंतऱ्यात तार षड्जाला गेले आणि मला स्वतःलाच ऐकू आलं की तो लागलेला नाही. पुन्हा गेले, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा आवाज फाटला आणि मी थांबले. तबलजींनीही हात उचलला. हॉल एकदम शांत झाला. कोणी पायाच्या बोटांकडे पाहत होतं, कोणी फोनकडे. त्या शांततेत आबांचा हात मांडीवर तसाच पडत राहिला, धा धिं धिं धा, आणि मग मान डोलावून ते मोठ्याने म्हणाले, “वा!”

लोक हसले. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याने मला सावरून घेतलं. नंतर ग्रुपवरही तसंच आलं, आबांचं मन किती मोठं वगैरे. मी कसंबसं गाणं आवरतं घेतलं.

चहा सुरू झाला तेव्हा आबा जिन्याकडे निघाले होते. मी त्यांच्या मागे गेले. “आबा, का हो असं केलंत?” ते वळले नाहीत. मी पुन्हा हाक मारली. रेखा वळली. “मागनं बोलून काय उपेग ताई? त्यास्नी ऐकाय येत न्हाई.”

“आज बरं नाही का?”

“आज न्हवं. सात वर्सं झाली की. येक कान तर फौजंतच गेल्ता, दुसरा मागनं. मशीन लावलं तर नुसती खरखर.” ती माझ्याकडे बघत राहिली. “तुमाला म्हाईत न्हाई? तुमी तर रोज बोलता त्यांच्याशी.”

वाचनालयाच्या गॅलरीत दोन खुर्च्या होत्या. आबांना मी बसवलं आणि कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, ‘माझं एकही गाणं तुम्ही ऐकलं नाही?’ त्यांनी खिशातून चष्मा काढला, वाचलं.

“न्हाई,” ते म्हणाले. तेव्हा मी त्यांचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. नको तेवढा मोठा, सपाट, कुठे चढायचं कुठे उतरायचं हे विसरलेला. गॅलरीच्या टोकाला उभी असलेली माणसं वळून बघायला लागली.

‘मग एवढं सगळं कसं लिहीत होतात?’

“तुमीच लिवत हुता की सगळं. गाण्याखाली. मी वाचायचो, आन आपल्या मनानं ऐकायचो.”

‘ग्रुपला का सांगितलं नाहीत?’

“सांगिटलं आसतं तर भैऱ्याला गाणं कोण धाडणार? जुनी गाणी माझ्या डोक्यात वाजत्यात अजून. कुणी नाव धाडलं की वाजाय लागत्यात. ग्रुप नसता तर तीबी बंद पडली आसती.”

इथपर्यंत मला त्यांची कीव येत होती. मग मी शेवटचं लिहिलं. लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं. ‘बाईंचं मनावर घेऊ नका, हे का लिहिलंत?’

त्यांनी ते दोनदा वाचलं. “तुमाला त्येच आयकायचं हुतं,” ते म्हणाले. “तुमच्या लिवण्यात दिसत हुतं.” मग त्या मोठ्या सपाट आवाजात, काही न लपवता म्हणाले, “आन बाईंकडं गेला आसता तर मला गाणं धाडायचं थांबला आसता. म्या माझंच बगितलं ताई. खोटं कशाला सांगू?”

मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि उठले. रेखा “ताई, च्या तरी घ्या” म्हणत होती. मी जिना उतरून स्टँडवर आले आणि मिळेल ती सांगलीची एसटी धरली.

घरी गेल्यावर दोन वर्षांची सगळी बोलणी काढून वाचली. प्रत्येक उत्तर माझंच होतं. पंचमाचं मी लिहिलं, मग त्यांनी. भांडणाचं मी लिहिलं, मग त्यांना ते गाण्यात कळलं. भीतीसुद्धा माझीच, ‘घाबरत घाबरत’ मीच लिहिलं होतं, आणि ते मला परत मिळालं तेव्हा मी कपाटाआड रडले होते. जुन्या गायकांचं गाणं त्या माणसाने खरोखर ऐकलं होतं. त्यांच्याबद्दलचा एकही शब्द खोटा नव्हता. खोटा होता तो फक्त माझ्याबद्दलचा. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

पुढच्या रविवारी निरोप आला, ‘आज काय गायला ताई?’ मी उत्तर दिलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही आला. मग ‘चुकलं माझं.’ मग ‘ज्वारी काढाया आली.’ मग ‘नातीला ताप हाय.’ मी सगळं वाचायची आणि फोन पालथा ठेवायची. ग्रुपमध्ये मात्र कोणाला काही सांगितलं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिथे ते पूर्वीसारखेच लिहीत राहिले आणि लोक पूर्वीसारखेच वा वा करत राहिले. त्यांच्या प्रत्येक ओळीवर मला वाटे, आता सांगून टाकावं. आणि मी ग्रंथालयाच्या कामाला लागे.

मिरजेच्या बाईंकडे परत जायला मला चार महिने लागले. त्यांनी काही विचारलं नाही. “बसा. षड्ज लावा,” एवढंच म्हणाल्या. सात महिने मी षड्जच लावत होते. चुकलं की आता माझं मलाच ऐकू यायला लागलं होतं. ज्या दिवशी तार षड्ज पहिल्यांदा स्वच्छ लागला, त्या दिवशी बाई म्हणाल्या, “हां, हा.” बाहेर येऊन मी फोन काढला. हे ज्याला सांगावं असं एकच नाव मनात आलं, आणि ते आलं याचाच मला इतका संताप आला की फोन परत पर्समध्ये टाकला.

पावसाळ्यात आबा गेले. ग्रुपवर रेखाने आबांच्याच फोनवरून तीन ओळी लिहिल्या. दिवसभर श्रद्धांजल्या येत होत्या. ‘असा कान पुन्हा होणे नाही,’ दिलीपरावांनी लिहिलं. अमितने आबांच्या आवडीची ठुमरी टाकली. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. तेवढंच.

दोन आठवड्यांनी रेखाचा फोन आला. आबांचा फोन आता नातीला अभ्यासाला द्यायचा होता आणि त्यात जागाच उरली नव्हती.

“तुमचीच गाणी हाईत ताई ह्यात. आबा येकबी पुसू देत न्हवते,” ती म्हणाली. “मी भाकरी थापताना लावायची कवा कवा. त्यास्नी फोन दावून खुणंनं इचारायची, आबा, ही काय म्हंती? मग ते तुमी लिवल्यालं वाचून दावायचे. आता काय करू? ठिवू का पुसू?”

“पुसा,” मी म्हणाले.

“समदी?”

“सगळी. त्यात सूर चुकीचे आहेत.”

“बरं,” ती म्हणाली. तिला वाईट वाटलं असावं. मलाही वाटलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

त्यांनी लिहिलेलं मात्र माझ्या फोनमध्ये अजून तसंच आहे. कधीतरी काढून वाचते. सारंग, सासुरवाशीण, नातीचा ताप, ‘चुकलं माझं’, सगळं. वाचता वाचता हसू येतं. मग ते ‘बाईंचं मनावर घिऊ नका’ येतं, आणि मी दर वेळी तिथेच थांबते.