परीक्षक मॅडमना आणायला मी स्टेशनवर गेले

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला सलग सांगता येईल. माझ्या हातून जे झालं ते परभणीत लोक अजून एकमेकांना सांगायलेत. दर वेळी त्यात माझं वय वाढतं आणि अक्कल कमी होते. तेव्हा म्हटलं, खुद्द माझ्याच तोंडून ऐका.

तर आमचा एक क्लब आहे. कुत्री पळवायचा. पळवायचा म्हणजे चोरायचा नव्हे हो! मैदानात आडव्या नळ्या लावायच्या, कुत्र्यानं त्यावरून उडी मारायची. मग कापडी बोगद्यातून आरपार जायचं, बांबूंच्या रांगेतून नागमोडी पळायचं, फळीवर चढायचं, उतरायचं. नळी पडली की गुण गेले. परीक्षक घड्याळ लावून उभा.

हे सगळं निघालं आमच्या देशमुख सरांच्या डोक्यातून. निवृत्त क्रीडाशिक्षक. शाळेतली पोरं ऐकेनाशी झाली म्हणून कुत्र्यांकडे वळले, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं.

कागदावर आम्ही आठ स्वयंसेवक. मैदानात तीन. देशमुख सर हुकूम सोडतात. नजीरभाई वेल्डिंगवाले नळ्या-फळ्या जोडतात. उरलेलं सगळं मी. उरलेलं म्हणजे किती, विचारा! कुत्र्यांचं पाणी, माणसांचा चहा, नावांची यादी, मलमपट्टी, आणि मैदानात कुणी 'बसलं' की खुरपं-सुपली घेऊन मागं पळणं. मी शाळेत क्लार्क आहे. वय चोपन्न, गुडघे सत्तरीचे. तीन वर्षांत एकानंही विचारलं न्हाई की, मंगलताई, दमलात का?

त्या रविवारी आमची पहिली मोठी स्पर्धा होती. परीक्षक थेट पुण्याहून यायच्या होत्या. त्यांनी चांगला शेरा दिला तर पुढं बाहेरगावच्या स्पर्धांत आमच्या कुत्र्यांना घेणार होते. म्हणजे बघा, केवढं अडलेलं होतं त्या बाईंवर!

मी पहाटे चारपासून मैदानात. फक्कीनं रेघा मारल्या, बोगद्यातून मांजराची पिल्लं काढली, पाण्याच्या बादल्या भरल्या. कमरेवर हात ठेवून जरा उभी राहते तोच सर म्हणाले, "मंगलताई, गाडी काढा. स्टेशनवरून परीक्षक मॅडमना आणा."

"मीच?"

"मग कोण? नजीरभाईच्या हातात वेल्डिंगचं मशीन आहे, माझ्या हातात माईक आहे."

"ओळखू कशी?"

"पाटील मॅडम. लय कडक बाई आहेत म्हणे. बघताक्षणी कळेल."

बघताक्षणी कळेल! हे वाक्य मी आता फ्रेम करून लावणार आहे.

स्टेशनवर पोचले तर गाडी येऊन गेलेली. माणसं पांगायलेली. एक पोरगी, पँट-टीशर्ट, पाठीवर पिशवी, माझ्याकडं येत म्हणाली, "काकू, एक विचारू का..."

मी म्हटलं, "रिक्षा बाहेर मिळतात, बाळ." आणि पुढं गेले.

पुढं बाकाजवळ एक बाई उभ्या होत्या. काठापदराची कडक इस्त्रीची साडी, जाड काड्यांचा चष्मा, बगलेत छत्री. येणाऱ्याजाणाऱ्याकडं अशा बघायलेल्या, जणू सगळं स्टेशन नापास केलंय. म्हटलं, ह्याच!

मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "देशमुखांकडून आलात का?"

"हो हो! पाटील मॅडम ना?"

"पाटीलच. पण मॅडम काय म्हणता? मावशी म्हणा."

एवढी मोठी बाई आणि किती साधी! मी त्यांची पिशवी घेतली, दार उघडून दिलं. आता तुम्हीच सांगा, परभणीत देशमुख किती आणि पाटील किती? दगड मारला तर दोघांना लागून तिसऱ्याच्या अंगणात पडेल. पण चारपासून उठलेल्या डोक्यात एवढं येतं का?

गाडी निघाली. मावशी म्हणाल्या, "आधीच सांगते, मी लय खोदून विचारणारी हाय. राग मानू नका."

"विचारा की. परीक्षकानं विचारायलाच पाहिजे."

मावशी खुशीत हसल्या. "परीक्षकच समजा! बरं, घरात पोरं किती?"

आमच्याकडं कुत्र्यांना कुत्री कुणी म्हणत न्हाई. आमची पोरंच ती.

"सध्या अकरा."

"अकरा?"

"आधी चौदा होती. सांभाळणं होईना. एकाला मानवतला शेतावर देऊन टाकलं, दोघं ताडकळसच्या बाजारात चुकली ती चुकलीच."

मावशींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आणि ह्या सगळ्यांचं बघतं कोण?"

"मीच. नावाला आठ माणसं आहेत. पण खाऊ घाला, धुवा-पुसा, घाण काढा, सगळं माझ्याच गळ्यात."

"अगं बाई! दमत असाल की हो तुमी."

खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तीन वर्षांनी कुणीतरी विचारलं! आणि मग मला जे तोंड फुटलं, ते काही बंद होईना.

"काय सांगू मावशी, पाठ धरलीय. सरांना फक्त हुकूम सोडता येतात. मी मेले तरी म्हणतील, मंगलताई, जाताना बादली भरून जा."

मावशींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मोकळं बोला तुमी. बरं, ज्याला बघायचंय त्याचं सांगा. स्वभाव कसा?"

म्हटलं, हिला आमच्या शेरूबद्दल कळलेलं दिसतंय. शेरू म्हणजे आमचा हुकमी एक्का. सरांनीच पाळलेला.

"शेरू ना?"

"घरात शेरू म्हणता व्हय?"

"सगळे शेरूच म्हणतात. लय मायाळू. फक्त अनोळखी माणूस दारात आला की अंगावर जातो. मागं गॅसवाल्याला चावला."

"चावला?"

"थोडासा. लगेच इंजेक्शन दिलं."

"गॅसवाल्याला?"

"दोघांनाही."

मावशींनी छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरली. मग हळूच म्हणाल्या, "कामाला कसा हाय?"

"चोख! पण सकाळी पोट साफ झालं न्हाई तर जागचा हलत न्हाई. आणि कुठं बसेल नेम न्हाई. परवा भर रस्त्यात बसला. मी मागं खुरपं घेऊन उभीच."

"कुणी डॉक्टरला दाखवलं न्हाई?"

"दाखवलं तर! डॉक्टर म्हणाले, आहे ते ठीक आहे."

आता मावशींचा आवाज एकदम बारीक झाला. "ताई, शपथ हाय तुमाला. याआधी ह्याचं कुठं जमलं होतं का?"

आणि मी, माझी मी, गाडी चालवता चालवता, मोठ्या अभिमानानं सांगितलं, "जमलं होतं की! गंगाखेडला. पाच पोरं झाली. दोन काळी, तीन तांबूस. ती तिकडंच राहिली. पण पुढं भानगड नको म्हणून ऑपरेशन करून टाकलं."

"गाडी थांबवा," मावशी म्हणाल्या.

मी एका टपरीपाशी थांबवली. मावशी उतरून लांब गेल्या आणि मोबाईलवर कुणाशी तरी हातवारे करून बोलू लागल्या. म्हटलं, पुण्याला वर कळवायलेत वाटतं. शेरूचं भाग्य उजळलं! मी निवांत एक चहा घेतला. सकाळपासूनचा पहिला.

मावशी परत आल्या त्या लालेलाल होऊन. "चला. आता त्या देशमुखाला तोंडावरच विचारते."

किती कडक परीक्षक, मी मनात म्हटलं.

मैदानात सगळं सजलेलं होतं. शे-दीडशे माणसं, कुत्री दोरीला, माईक चालू. सर हार घेऊन पुढं आले. शेजारी वहिनी, म्हणजे सरांची बायको, ओवाळायचं ताट घेऊन. सर म्हणाले, "यावं, यावं मॅडम!"

मावशींनी हार बाजूला सारला. "देशमुख तुमीच का?"

"हो, मीच."

"लाज न्हाई वाटत? पाच लेकरं गंगाखेडला टाकून हितं हार घेऊन उभं राहायलाव?"

माईक सरांच्या हातातच होता हो! ते वाक्य मैदानभर घुमलं, वसमत रोडपर्यंत गेलं. सगळी माणसं गप्प झाली. कुत्रीसुद्धा.

वहिनींनी ताट खाली ठेवलं. फार हळू ठेवलं. "कुणाची पाच लेकरं?"

"अगं, मला काय माहीत! मी गंगाखेडला फक्त शिबिराला..."

"कसल्या शिबिराला? चार दिवस ना?"

"आणि ही बाई," मावशी माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "ही बिचारी अकरा जणांची घाण काढून काढून मरायलीय! बायकोला असं राबवता व्हय?"

आता वहिनींनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी वर्णन करणार न्हाई. नजीरभाईंनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "या अल्ला, ताई, ये क्या चल रहा है?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडू लागला. मी ओरडले, "अहो मावशी, पाच पोरं शेरूची! शेरूची!"

"मग तेच तर म्हणायलेय मी! कुठाय तो शेरू? बोलवा!"

नजीरभाईंनी दोरी सोडली. शेरू आला, मावशींना हुंगलं, त्यांच्या पायाशी आडवा झाला आणि चारी पाय वर केले.

मावशी कुत्र्याकडं बघायल्यात. माझ्याकडं बघायल्यात. परत कुत्र्याकडं.

"हा शेरू?"

"हो."

"गॅसवाल्याला चावला, तो?"

"हो."

"मग मी ज्या पोराला बघायला जालन्याहून आले, तो कुठाय?"

तेवढ्यात गेटवर रिक्षा थांबली. त्यातून स्टेशनवरची ती पँट-टीशर्टवाली पोरगी उतरली. सरळ माझ्यापाशी आली. "काकू, मी पाटील. पुण्याहून परीक्षक म्हणून आलेय. तुम्ही म्हणालात रिक्षा बाहेर मिळतात, तर मिळाली."

धरणी दुभंगून पोटात घे, असं म्हणतात ना? मी फक्कीच्या रेघेवर उभी होते. काही दुभंगलं न्हाई.

पण खरा घोटाळा पुढंच होता. मावशींनी त्या टपरीवरून फोन कुणाला लावला होता? भावाला, म्हणजे मुलीच्या बापाला. आणि भावानं लगेच दुसऱ्या देशमुखांना, म्हणजे खऱ्या नवऱ्या मुलाच्या बापाला फोन करून काय काय ऐकवलं असेल, तुम्हीच अंदाज करा. पाच लेकरं, गंगाखेड, ऑपरेशन, चावणं. काही म्हणजे काही सोडलं नव्हतं.

मावशी मटकन खुर्चीत बसल्या. "पोरगी नाकीडोळी छान, शिकलेली. कितीतरी स्थळं बघून हे एक पसंत पडायलं होतं. मी माझ्या हातानं मोडलं."

"तुम्ही कुठं? मीच मोडलं," मी म्हटलं. ह्यात मात्र मला कुणाकडं दुजोरा मागावा लागला न्हाई. सगळ्यांनीच दिला.

स्पर्धा त्या पोरीवर आणि नजीरभाईंवर सोडून मी मावशींना घेऊन निघाले. सर वहिनींना गंगाखेडचं शिबिर समजावून सांगत राहिले.

दुसऱ्या देशमुखांच्या घरी पोचलो तर दारातच कळलं. रांगोळी काढलेली, आत मात्र सुतक पडल्यासारखी शांतता. पोह्यांचं पातेलं झाकून ठेवलेलं. मुलाची आई पदर तोंडाला लावून बसलेली. बाप येरझाऱ्या घालायलेला. आणि तो मुलगा, बियाण्यांच्या दुकानात हिशोब बघणारा, अगदी गरीब चेहऱ्याचा, कोपऱ्यात उभा राहून स्वतःच्या आईला सांगायलेला, "आई, मी गंगाखेडला फक्त एकदा गेलोय. तेही तुझ्याचबरोबर."

मी सगळ्यांसमोर हात जोडले आणि पहिल्यापासून सांगितलं. अकरा पोरं, खुरपं, गॅसवाला, सगळं. सांगताना माझंच मला ऐकवेना. मुलाची आई दगडासारखी. बाप थांबून ऐकायलेला. मी "दोघांनाही इंजेक्शन दिलं" इथं आले आणि तो मुलगा फसकन हसला. मग त्याला आवरेना. मग बाप हसला. शेवटी आईनं पदर काढला तर तीही हसतच होती, रडून रडून लाल झालेल्या डोळ्यांनी.

मावशींपुढं पोहे आले. बाप म्हणाला, "विचारा, काय विचारायचंय ते. खोदून विचारा."

मावशींनी त्या मुलाला खालपासून वरपर्यंत बघितलं. "काही विचारायचं न्हाई. सकाळपासून जे ऐकत आले, त्याच्यापुढं हा देव हाय."

जमलं लग्न! तिथल्या तिथं जमलं.

इकडं स्पर्धाही पार पडली. शेरूनं तीन नळ्या पाडल्या. तरी त्या पोरीनं शेरा चांगला दिला. शेवटी एक ओळ होती: स्वयंसेवकांना विश्रांतीची गरज आहे. सरांनी तो कागद मला वाचायला दिला आणि म्हणाले, "बघा, कौतुक केलंय. आता जरा बादल्या उचलता का?"

महिन्याभरात लग्नाची पत्रिका आली. मावशी स्वतः घेऊन आल्या, मानानं, हळदीकुंकू लावून. मला इतकं भरून आलं! म्हटलं, चला, माझ्या चुकीतून का होईना, एक संसार उभा राहिला. सगळं वाचलं, देवांची नावं, वडीलधाऱ्यांची नावं, कार्यस्थळ. आणि तळाला, जिथं लोक 'आहेर आणू नये' असं छापतात, तिथं बारीक अक्षरात छापलं होतं:

'बाहेरगावच्या पाहुण्यांनी परभणी स्टेशनवरून रिक्षानं यावं. न्यायला म्हणून आलेल्या कोणत्याही बाईंच्या गाडीत बसू नये.'