क्रॉसवर पिळलेलं लिंबू

वडगाव शेरीतल्या आमच्या गल्लीत क्रॉसवर लिंबू पिळणारा मी पहिलाच मनुष्य.

गल्लीच्या कोपऱ्यावर संत अंतोनीचा दगडी क्रॉस आहे. तो सांभाळतात आमच्या शेजारच्या मार्था मावशी. त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई सांभाळायच्या. दरवर्षी संतांच्या सणाआधी क्रॉसला चुना द्यायचा, लाल-पांढऱ्या पताका लावायच्या, संध्याकाळी प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटायचे, अशी रीत. यंदा मावशींचे गुडघे बोलायला लागले होते. शिवाय सणाच्या कमिटीचे फ्रान्सिस काका टाइल्सच्या मागे लागले होते. चुना यंदा नीट दिसला नाही, तर क्रॉसला चकचकीत टाइल्स बसणार, असं त्यांनी जाहीरच केलं होतं. मावशींची त्या चिंतेनं झोप उडाली होती.

"मी देतो ना चुना," मी म्हणालो. (मला कुणी विचारलं नव्हतं.)

सणाच्या सकाळी चुना देताना मी मावशींना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. पताका लाल-पांढऱ्याच का? संतांचा वाढदिवस आहे का? नाही, हा त्यांच्या मृत्यूचा दिवस. म्हणजे पुण्यतिथी! मग चणेच का, खिचडी का नाही? शेवटी मावशी म्हणाल्या, "सर, तोंडापेक्षा ब्रश जास्त हलवा."

क्रॉस पांढराशुभ्र झाला. मावशी चणे बघायला आत गेल्या आणि वर्ध्याहून आलेली माझी आई बाहेर आली.

"एवढं देवाले रंगवलं, अन् हयद नाही लावली?" असं म्हणून तिनं क्रॉसच्या पायथ्याला हळदीची पाच बोटं ओढलीसुद्धा. देव कुठलाही असो, हळदीवाचून तो उघडाबोडका, असं तिचं मत आहे.

बोटं लालभडक झाली. ओला चुना आणि हळद, दुसरं काय होणार? मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. घाबरण्याऐवजी मला, खरं सांगतो, आनंदच झाला. त्यावर आम्लाचा उपायही मला तोंडपाठ होता. घरातून लिंबं आणली, कापली आणि पिळली.

लाल रंग खरोखरच पिवळा झाला. पण लिंबानं चुनाही फेसाळून उतरला आणि खालचा काळा दगड दिसू लागला. मी आणखी चुना लावला, तर पिवळं पुन्हा लाल झालं. मग आणखी लिंबू. अशा माझ्या पाचसहा शास्त्रीय फेऱ्या झाल्या आणि पायथ्याशी लाल ओघळ, हळदीचे डाग आणि कापलेल्या लिंबांची रास उरली.

नेमके तेव्हाच फ्रान्सिस काका टाइल्सचं माप घ्यायला गवंडी घेऊन आले. गवंड्यानं टेप काढला, खाली पाहिलं आणि टेप परत खिशात घातला.

"काका, हा उतारा हाय. मी हात लावत नाय."

"अहो, देवाचा क्रॉस आहे तो."

"म्हनूनच नाय लावत."

तो गेला. काकांनी आणखी दोघा गवंड्यांना फोन लावले, पण बातमी त्यांच्या आधी पोहोचली होती. अर्धं लिंबू हातात धरून मी काकांना रासायनिक अभिक्रिया समजावत होतो. तेवढ्यात मावशी आल्या. त्यांनी पायथा पाहिला, मग मला पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झेंडूच्या माळा आणून त्यांनी सगळा पायथा झाकून टाकला. संध्याकाळी पताकांखाली मेणबत्त्या लागल्या, प्रार्थना झाली आणि फादरांनी फुलांच्या आराशीचं कौतुक केलं.

चणे वाटताना मावशींनी माझ्या हातावर दोन मुठी ठेवल्या.

"टाइल्स रद्द झाल्या," त्या हळूच म्हणाल्या. "गवंडीच मिळत नाही म्हणे."

क्रॉस आजही चुन्याचाच आहे. गल्लीत माझाही मान वाढलाय. परवाच बारावीतल्या एका मुलाचे वडील हळद लावलेलं लिंबू घेऊन दारात उभे राहिले. म्हणाले, "सर, एवढं मंतरून द्या. पोराचा केमिस्ट्रीचा पेपर आहे."